मांजरासाठी ओले खाद्य कसे पारखावे?

प्रश्न : आमची चार वर्षांची मांजर पाणी जेमतेम पिते, म्हणून तिला पाकिटातले ओले खाद्य द्यायचे आहे. निवड कशी करावी? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे ‘संपूर्ण आहार’ असा उल्लेख आणि टॉरिन हे पोषकद्रव्य हवेच, कारण त्याच्या अभावी मांजराचे हृदय व दृष्टी दोन्ही बिघडू शकतात. प्रथिने १० टक्केच दिसली म्हणून नाक मुरडू नये. ८० टक्के पाणी वजा केले की उरलेल्या ऐवजात ती निम्मी भरतात. नुसत्या माशाच्या तुकड्यांची बरीच पाकिटे मात्र पूरक खाद्य (म्हणजे एकट्याने पुरे न पडणारे) असतात, आणि मांजरांना नेमकी तीच आवडतात! मुंबईच्या दमट उकाड्यात ताटलीत उरलेले खाद्य तासाभरात उचलावे. फोडलेले पाकीट झाकून फ्रीजमध्ये ठेवावे.