नर्सिंगनंतर 'क्वालिटी'त जाऊ का?

प्रश्न : मुलगी सांगलीत बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला वॉर्डापेक्षा हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात जायचंय. लगेच कोर्सला घालू का? – एक पालक, तासगाव

उत्तर : कोर्स जरूर करू दे, पण आधी दोनेक वर्षं कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) ड्यूटी करू दे. क्वालिटीच्या कामात, म्हणजे उपचार किती वेळेत आणि किती नीट होतात हे मोजण्यात, आकडेमोड सोपी असते. आकडा खरा की खोटा, हे ओळखणं अवघड.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा ईसीजी १० मिनिटांत काढून डॉक्टरांनी बघायला हवा, हा सर्वमान्य निकष. पण १० मिनिटं कधीपासून? पेशंट बाकावर, नातेवाईक केस पेपरच्या रांगेत. पेपरवर वेळ पडेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, आणि तो हिशेबात येतच नाही. त्यात ईसीजी मशीनचं घड्याळ मागे असलं, की पेशंट यायच्या आधीच ईसीजी निघाल्याचं कागदावर दिसतं! रजिस्टरातल्या सगळ्या वेळा ० आणि ५ वरच संपत असतील, तर त्या बहुधा ड्यूटी संपताना एकदम भरलेल्या. तिथं काम केलेल्या सिस्टरला हे बघताक्षणी कळतं.

सरासरीनंही फसायला होतं. पाच पेशंटना ६, ७, ८, ९ आणि ७० मिनिटं लागली, तर सरासरी २०, मध्यक (ओळीनं लावल्यावर मधला आकडा) मात्र ८. दोन्हींत तो ७० मिनिटंवाला हरवतो, आणि शोधायचा असतो नेमका तोच. कित्येकदा तो 'पोटात जळजळतंय' म्हणून आलेला असतो, म्हणून हृदयाची शंका उशिरा येते.

७२ तासांत त्याच तक्रारीनं परत आलेले पेशंटही मोजतात. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निर्देशकांतही हे आहे. पण सांगली-मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही. बरं न वाटलेला पेशंट दुसरीकडे जातो आणि पहिल्याचा आकडा झकास दिसतो. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस केली, तरच खरं काय ते कळतं.

तोवर तिनं एक्सेल पक्कं करावं. परवानगी घेऊन, नावं वगळून, ३० केस पेपरांवरून प्रत्येकी चार टप्प्यांच्या वेळा उतरवून काढाव्यात : दारात आला, ट्रायाज (किती तातडीचं आहे याची पहिली पाहणी) झालं, डॉक्टरांनी पाहिलं, बाहेर पडला. कुठली वेळ सापडत नाही, तेही लिहावं. मग हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्येही ती आहे.

एक सावधगिरी : काही ठिकाणी क्वालिटीची नोकरी म्हणजे तपासणीच्या आधी फायली रंगवणं. मुलाखतीत तिनं सरळ विचारावं, 'आकडा बिघडला तर पुढच्या आठवड्यात काय बदलता?' उत्तर 'रिपोर्ट वर पाठवतो' एवढंच आलं, तर दुसरं हॉस्पिटल बघावं.