गिंझात पहिल्यांदा सुशी खायला जाताय?
टोकियोच्या गिंझा भागात सुशीच्या काउंटरवर बसणार असाल तर त्या दिवशी अत्तर अजिबात लावू नका. आठ-दहा जणांच्या जागेत माशाचा आणि व्हिनेगर घातलेल्या भाताचा मंद वास हाच अर्धा आनंद! एखादा मासा चालत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा, कारण ओमाकासेत काय वाढायचं ते शेफच ठरवतो.

निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेला मासा, समोर आली की लगेच खा, फोटोपायी थांबू नका. भात अंगाइतका कोमट असतो, तो गार झाला की मजा गेली. हातानं खाल्लेलं चालतं, आणि आपल्याला ती सवय आहेच. शेफनं वरून सोया सॉस लावून दिला असेल तर पुन्हा बुडवू नका. सोबतचं आलं दोन घासांच्या मधे खायचं, माशावर ठेवून नाही. टिप देत नाहीत.