लेकाच्या एक्झिमासाठी एफडी मोडू का? डिचोलीच्या ताईंना उत्तर

डिचोलीच्या एका ताईंनी लिहिलंय, लेक 24 वर्षांचा, लहानपणापासून एक्झिमा, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके, चवथीला घर भरलेलं असलं तरी हा फुल हाताचा शर्ट घालून आतल्या खोलीत. आता स्किनच्या डॉक्टरांनी डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन सुचवलंय, तर 6 लाखांची एफडी मोडू की दागिने गहाण ठेवू?

ताई, चादरीचं वाचून पोटात कालवलं हो. उपचार कराच, पण सगळी एफडी एकदम मोडू नका. मोठ्यांचा नेहमीचा डोस म्हणजे पहिल्या दिवशी 300 मिलिग्रॅमची 2 इंजेक्शनं, मग दर दोन आठवड्यांनी 1. महिन्याला 2 धरून लोक 24 मोजतात, पण पहिल्या वर्षाची होतात 27. गुण कितपत आला ते साधारण 16 आठवड्यांनी बघतात, तोवर 9 लागतात, तर आत्ता केमिस्टचा भाव गुणिले 9 एवढेच पैसे मोकळे करा आणि बाकीच्या दोन छोट्या एफडी करून ठेवा.

दागिने नकोच. हे औषध शरीरात खाज-सूज पेटवणारे आयएल-4 आणि आयएल-13 चे सिग्नल अडवतं, रोग मुळासकट काढत नाही, थांबवलं की परत उसळू शकतो, म्हणजे इंजेक्शनही चालू आणि सोन्यावरचं व्याजही चालू, ते झेपणार नाही.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतलं मॉडर्न ट्रीटमेंटचं पान काढा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या 2019 च्या यादीत मोनोक्लोनल अँटीबॉडीचं इंजेक्शन आहे आणि डुपिलुमॅब तेच, पण सब-लिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी मर्यादा, असू शकते आणि ओपीडीत घेतलं तर बऱ्याचदा नाही म्हणतात, म्हणून डे-केअरमध्ये चालेल का ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य कार्डात हे बसतं का तेही काउंटरवर विचारा. 80डीडीबीच्या यादीत एक्झिमा नाही, ती टॅक्सची सूट हिशोबात धरू नका.

आणि एकदा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवून याच. सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या खूप स्वस्त पडतात, पण त्यांना रक्ततपासण्या लागतात, इन्फेक्शनची भीती असते, त्यामुळे नुसत्या स्वस्त म्हणून बदलू नका, ते डॉक्टरच ठरवतील.

केमिस्टचा भाव, पॉलिसीचं ते पान आणि एफडीची मॅच्युरिटीची तारीख पाठवा. मॅच्युरिटी दोन-तीन महिन्यांवर असेल तर मोडण्यापेक्षा एफडीवरच लोन घेऊ, मी आकडे मांडून देतो.