औषध डोळ्यात 'तुटतं' म्हणावं का?

सेलूच्या एका ताईंनी विचारलं आहे: सासऱ्यांना काचबिंदू आहे, रोज रात्री लॅटानोप्रॉस्टचे थेंब घालावे लागतात. डॉक्टर समजावताना म्हणाले, "हे औषध बुबुळात तुटतं, मगच काम करतं." सासऱ्यांनी तेवढंच मनात धरलं. तुटलेलं औषध काय कामाचं, असं म्हणून ते थेंबांना नाही म्हणू लागले. ताईंना हवा आहे नेमका मराठी शब्द. विघटन, पचन, की दुसरं काही?

ताई, सासऱ्यांचं कान देऊन ऐकणं मला फार आवडलं. मराठीत 'तुटणे' म्हटलं की काहीतरी गेलंच: नातं तुटतं, दोर तुटतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट खरी होती, शब्द तेवढा उलट्या बाजूचा निघाला.

आधी डोळ्यात काय घडतं ते बघू. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला शाळेच्या पुस्तकात पारपटल म्हणतात, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचा वरचा थर तेलकट स्वभावाचा, मधला भाग पाणीदार. काम करणारं मूळ औषध हे आम्ल आहे, आणि ते त्या तेलकट थरातून सहजी आत शिरत नाही. म्हणून औषध बनवतानाच त्याला आयसोप्रोपिल नावाची एक शेपटी एस्टर नावाच्या रासायनिक गाठीने जोडून देतात. शेपटीसकट ते थर ओलांडतं. आत पारपटलातच एस्टरेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. ती पाण्याच्या मदतीने ती गाठ सोडवतात. शेपटी बाजूला होते, मोकळं झालेलं आम्ल डोळ्याच्या पुढच्या पाण्यात उतरतं, साधारण दोन तासांनी तिथे सगळ्यात जास्त असतं, आणि ते पाणी बाहेर वाहून जायची वाट मोकळी करून डोळ्यातला दाब कमी करतं. म्हणजे बाटलीतलं औषध बांधलेलं असतं, कामाचं औषध डोळ्यात तयार होतं.

आता शब्द. 'विघटन' चूक नाही, पण आपण तो कचऱ्यासाठी, पालापाचोळ्यासाठी वापरतो. त्यात कुजण्याचा वास येतो. 'पचन' तर नकोच. "गोळ्या पचत नाहीत" असं आपण पोटाबद्दल बोलतो, डोळ्याला ते लावलं की ऐकणारा गोंधळतो.

मला पहिल्यांदा सुचला तो 'फुटणे'. तुमच्या सेलू-मानवत भागात तर तो रोजचा. दूध फुटलं की नुकसान, घागर फुटली की नुकसान. पण पालवी फुटते, पान्हा फुटतो, तांबडं फुटतं, आणि दसऱ्याच्या सुमाराला बोंड फुटतं. बोंड फुटलं म्हणून कोणी हळहळत नाही. न फुटलेल्या बोंडाचीच काळजी लागते, कारण कापूस आतच अडकून राहतो. सासऱ्यांनी आयुष्यभर कापूस वेचला असेल तर त्यांना हे एका वाक्यात कळेल.

तरीही लिहिताना मी 'फुटणे' टाळेन, ते एका कारणाने. 'डोळा' आणि 'फुटणे' शेजारी आले की आपल्या माणसाच्या पोटात धस्स होतं. म्हणून माझं मत 'उकलणे' या शब्दाला. गाठ उकलते. इथे खरोखर एक गाठच सुटत असते आणि सोडवल्यावर हाती येतं ते उपयोगाचं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात ते नेपाफेनॅकही असंच डोळ्याच्या पेशींत उकलून अॅम्फेनॅक होतं.

पण ही उकल प्रत्येक औषधाला लावू नका. लोटेप्रेडनॉल हे स्टेरॉइड उलट आहे. ते डोळ्यात जातं तेव्हाच पूर्ण कामाचं असतं, आणि एस्टरेज त्याला निकामी करून टाकतात. तसं मुद्दामच घडवलं आहे, कारण स्टेरॉइड रेंगाळलं तर डोळ्यातला दाब वाढण्याची भीती असते. तिथे 'उकलणे' म्हटलं तर अर्थच फिरेल. तिथे 'विझणे' म्हणावं. विकरं दोन्हीकडे गाठच सोडवतात, पण एकीकडे काम सुरू होतं, दुसरीकडे संपतं. एकट्या 'विघटन' शब्दाने हा फरक पुसला जातो, आणि माझा त्या शब्दावर राग आहे तो याचसाठी.

'विकर' हा पाठ्यपुस्तकातला शब्द. जुन्या परिभाषेत 'वितंचक' आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. संस्कृतात 'आतंचन' म्हणजे दूध विरजायला घालतात ते ताक, आपलं इरजण. चमचाभर इरजण पातेलंभर दुधाचं रूप पालटतं, तसंच थोडंसं वितंचक पुष्कळ औषधाला पुरतं.

राहिली बाटली. न उघडलेली लॅटानोप्रॉस्टची बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. परभणीच्या मे महिन्यात ती खिडकीत राहिली तर औषध डोळ्यात जाण्याआधीच बिघडू शकतं. त्याला 'खराब होणे' हाच शब्द ठेवा, 'उकलणे' नव्हे. सासऱ्यांसाठी मी वाक्य असं लिहीन: "हे औषध बांधलेलं आहे. डोळ्यात गेलं की गाठ उकलते आणि आतलं खरं औषध कामाला लागतं. म्हणून रोज रात्री एक थेंब, चुकवायचा नाही."