कुटुंब समुपदेशनात येणाऱ्या नव्या मुलीला

बीए मानसशास्त्र झालंय, आता एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून विवाह समुपदेशन सुरू करू का, असं विचारलंस. घाई नको. अमेरिकेसारखा विवाह आणि कुटुंब थेरपिस्टचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही, म्हणून तर पाया पक्का हवा. शिवाजी विद्यापीठातून एमए कर किंवा एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा मार्ग धर.

पुस्तकं वाचशीलच, खरं शिक्षण सुपरव्हिजनमध्ये होतं. अनुभवी माणसासमोर दर आठवड्याला आपली केस उलगडून मांडायची, नवऱ्याची बाजू ऐकताना मी कुठे झुकले हे विचारायचं. कुटुंब थेरपिस्ट बोवेनच्या विचारांतून आलेला जेनोग्राम, म्हणजे नात्यांसकट काढलेली वंशावळ, आधी स्वतःच्या घराचा काढ, तीन पिढ्यांचा. आपल्या भागातल्या घरांत भांडण फार वेळा जोडप्याचं नसतंच. सासू, धाकटा दीर, शेतीची वाटणी सगळं त्या खोलीत येऊन बसतं. कुटुंब थेरपिस्ट मिन्युचिनने मांडलेल्या घरातल्या सीमारेषा, म्हणजे कोणी कुणाच्या बाबतीत किती शिरायचं, इथे फार उपयोगी पडतात.

मारहाण असेल तर दोघांना एकत्र बसवून समेटाचा आग्रह मुळीच धरू नकोस. आधी बाईशी एकटीशी बोल, तिची सुरक्षितता बघ. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नीट वाच.

आणि कोल्हापुरात सगळे एकमेकांना ओळखतात. रंकाळ्यावर क्लायंट दिसला तर ओळख आपण आधी दाखवायची नाही. हे पहिल्याच भेटीत त्यांना सांगून ठेव.