कठीण पोलादाची धार : आधी बर काढा, मग पट्टा

एस९०व्ही किंवा के३९० सारख्या चाकूच्या पोलादात सुमारे 9 टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे कार्बाइड (कार्बनशी जुळून पोलादात तयार झालेले कठीण कण) अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण, त्यामुळे असा दगड भोवतालचं पोलाद झिजवतो आणि कार्बाइड नीट कापत नाही. म्हणून सरळ डायमंड प्लेट घ्या. सुरुवातीला 400 ग्रिट, मग 1000 (आकडा मोठा तितके कण बारीक). पुष्कळ कामांना एवढं पुरतं.

कोन एका बाजूला 17 ते 20 अंश. कडेला मार्कर फासा आणि दोन-तीनदा घासून बघा. शाई फक्त वरच्या, पाठीकडच्या भागातली गेली तर पात्याची पाठ थोडी उचला. जोर लावू नका, प्लेटवरचे हिरे उखडतात.

खरी गोची बरची, म्हणजे घासताना कडेच्या दुसऱ्या बाजूला वळून येणाऱ्या धातूच्या बारीक काठाची. एका बाजूने पूर्ण लांबीभर बर बोटाला लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. नंतर एकेक हात आलटून पालटून, दाब कमी करत फक्त पात्याच्या वजनावर आणा. उरलेली बर चामड्यावर जाईल ही आशा सोडा: ती नुसती उभी राहते, कागद झक्क कापते आणि दोन दोऱ्या कापल्या की मोडते.

चामड्याच्या पट्ट्यावर 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट, हिरवी क्रोमियम ऑक्साइड इथे फारच संथ. पाठ पुढे ठेवून दर बाजूला 8-10 हात. दाबलंत तर चामडं कडेभोवती वर येऊन धार गोल करतं.