विहिरीवर लाईटचा भरवसा नसेल तर नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देता येईल का?

तुम्ही विचारलंय की यावलजवळच्या मळ्यात घरापासून विहीर 130 मीटरवर आहे, मोटारीच्या केबलची चोरी होते म्हणून तिथे कॅमेरा हवाय, आणि केबलमधूनच वीज नेली तर चालेल का.

चालेल, आणि तुमच्यासाठी तोच चांगला मार्ग आहे. शेतीच्या फीडरला आठ तास थ्री फेज, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. पीओई स्विच, म्हणजे नेटवर्क केबलमधून डेटाबरोबर वीजही पाठवणारा डबा, घरातल्या इन्व्हर्टरवर ठेवला की लाईट गेली तरी विहिरीवरचा कॅमेरा चालू राहतो.

स्विच केबलमधून 44 ते 57 व्होल्ट डीसी सोडतो. पण आधी अगदी कमी व्होल्टेज देऊन पलीकडे साधारण 25 किलोओमचा रोध आहे का ते तपासतो, आणि तो सापडला तरच पूर्ण वीज देतो. म्हणून चुकून लॅपटॉप जोडला तरी जळत नाही. 24 व्होल्टचे स्वस्त 'पॅसिव्ह' अडॅप्टर मात्र काहीच न तपासता वीज सोडतात. ते घेऊ नका.

आता केबल. सगळा खेळ इथे आहे भाऊ, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सावद्याकडे केळीच्या एका गोडाऊनवर मी 85 मीटरवर कॅमेरा लावला होता. दिवसभर उत्तम चालायचा, अंधार पडला की दर दोन मिनिटांनी बंद-चालू. मी कॅमेरा बदलला, स्विच बदलला. शेवटी केबलचं टोक ब्लेडने खरवडलं, तर आतून पांढरी! वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढायचा, आणि या केबलचा रोध तांब्याच्या दीडपट असल्याने पलीकडे व्होल्टेज पुरत नव्हतं. त्यात मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन. तार तापली की रोध आणखी वाढतो.

म्हणून दुकानातच टोक खरवडून बघा. मल्टिमीटर असेल तर 100 मीटरच्या तुकड्यातल्या दोन तारा एका टोकाला पिळून दुसऱ्या टोकाला मोजा: चांगल्या 24 गेज तांब्याला 17 ओमच्या आसपास येतो, ॲल्युमिनियमला 25 च्या पुढे. अस्सल तांब्याचं खोकं महाग पडतं, पण इथे पैसे वाचवू नका.

नेटवर्क केबलवर डेटाची मर्यादा 100 मीटरची आणि तुमचं अंतर त्याच्या वर आहे, म्हणून 65-70 मीटरवर पीओई एक्स्टेंडर, म्हणजे डेटा आणि वीज पुढे पाठवणारा छोटा डबा, लावा. त्याला वेगळी लाईट लागत नाही, तो त्याच केबलवर चालतो. लक्षात ठेवा, एक्स्टेंडरपासून डेटाचे 100 मीटर नव्याने सुरू होतात, विजेची घट मात्र पूर्ण 130 मीटरची धरायची. पीओईच्या 2003 च्या मानकात स्विचच्या पोर्टवर 15.4 वॅट मिळतात आणि उपकरणापाशी 12.95 धरायचे, एक्स्टेंडर त्यातलेही थोडे खातो. म्हणून 2009 च्या मानकाचा, 30 वॅटचा पोर्ट असलेला स्विच घ्या. एक्स्टेंडर 30 वॅटचा इनपुट घेतो ना, हेही बघून घ्या.

केबल जमिनीखालून जुन्या पाइपातून न्या. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण) हवा आणि त्याला खरं अर्थिंग हवं. पावसाळ्याआधीच्या वादळात बागा आडव्या होतात, तेव्हा जवळ पडलेली वीज अशा लांब केबलमधूनच घरातल्या स्विचपर्यंत येते.

कॅमेऱ्याच्या मागे किती वॅट लिहिलेत ते कळवा. फिरणारा कॅमेरा असेल तर हिशोब बदलेल.